पेढ्याऐवजी

लातूरला मी ज्या लॅबमध्ये काम करते, तिथं सकाळी सगळ्यात आधी शुगर तपासायला उपाशीपोटी आलेली माणसं असतात. दंडाला पट्टा बांधून मी शीर शोधते, तोवर त्यांचं बोलणं चालू असतं. काय सोडलं आणि काय सोडवत नाही. "चहात साखर न्हाई घेत मॅडम, फक्त सोबत बिस्कीट." परवा एक आजोबा कापूस दाबून धरत म्हणाले, "झालं का? मग आता समोर जिलेबी खायला मोकळा!" सगळे हसले. मीही हसले, आणि मला आमचे कवठेकर सर आठवले. सरांनी त्या आजोबांना जिलेबी खाऊ दिली असती, पण अर्धी. आणि उरलेल्या अर्धीकडं स्वतःच आशेनं बघत बसले असते.

सर उमरीच्या शाळेत आम्हाला गणित शिकवायचे. अंगानं भरलेले, पांढरा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. शर्टाचा खिसा कायम फुगलेला, कारण त्यात लिमलेटच्या गोळ्या. सर व्हरांड्यातून येऊ लागले की चपलांच्या आधी गोळ्यांच्या कागदांचा आवाज यायचा. फळ्यावर गणित बरोबर सोडवलं की गोळी. चुकलं तरी गोळी. "चुकलास, पण फळ्यापर्यंत आलास ना? घे." तिसरी गोळी सर स्वतःच्या गालात ठेवायचे आणि पुढचं गणित घालायचे.

आमच्या वर्गात बहुतेकांच्या घरात दहावीपर्यंत पोचलेलं कुणी नव्हतं. गणिताची भीती आम्ही घरूनच घेऊन यायचो. ती सरांच्या गोळीनं गेली, हे मी आजही सांगेन.

गोड हा सरांचा जीव होता. चहाचा कप रिकामा झाल्यावर तळाला साखर दिसली नाही तर ते चहा पाजणाऱ्याकडं संशयानं बघत. "एकच घेतो" हे त्यांचं ठरलेलं वाक्य, आणि ते एका बैठकीत बऱ्याचदा ऐकू यायचं. खरी चंगळ असायची ती दहावीच्या निकालाला. पास झालेल्या मुलांचे आई-वडील पेढ्यांचे पुडे घेऊन यायचे. चपला बाहेर काढायच्या, दारातूनच वाकून नमस्कार करायचा, आणि पुडा पुढं धरायचा. सर प्रत्येक पुड्यातला एक पेढा त्या माणसासमोर खायचे. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, आतून डोळे वटारायच्या. सर म्हणायचे, "अगं, हा माणूस पोरगं शाळेत घालताना एकदा आला, अन् आज दुसऱ्यांदा. त्याला न्हाई म्हणू? पुन्हा पायरी चढंल का तो?"

आम्ही नववीत असताना ती तीन आणि आठची गोष्ट झाली.

तेव्हा आम्हा मुलांचं मधल्या सुट्टीचं खाणं म्हणजे पुडा. शाळेच्या फाटकासमोरच्या दुकानात चकचकीत पुड्यांच्या माळा लटकलेल्या असत. डब्यातली भाकरी तशीच परत न्यायची आणि तिखट-आंबट कुरकुरीत पुडा फोडायचा. बोटं केशरी व्हायची, आणि त्याच बोटांनी आम्ही गणितं सोडवायचो. सरांकडं तपासायला गेलेल्या वह्यांवर केशरी ठसेच ठसे.

एकदा सरांनी बालाजीचं उत्तर चूक दिलं. बालाजी आमच्या वर्गातला सगळ्यात मोठ्या तोंडाचा. वही घेऊन तो तडक टेबलापाशी गेला.

"सर, उत्तर बरोबर हाय की माझं."

"आठ कुठून आणलास रे मग?"

"आठ न्हाई, तीन हाय त्यो."

"पुड्याचे हात पुसून लिहीत जा. डागानं आठ झालाय त्याचा."

"म्या आज पुडा खाल्लाच न्हाई सर. बघा की नीट."

सरांनी वही जवळ घेतली, मग लांब धरली. मग उठून खिडकीपाशी गेले. पाठमोरे उभे राहून बराच वेळ बघत होते. परत आले, उत्तराखाली बरोबरची खूण केली आणि म्हणाले, "तीनच आहे. बस खाली." त्या तासाला पुढं सरांनी एकही गोळी वाटली नाही. आम्हाला वाटलं, बालाजीवर चिडले.

त्यानंतर सर नांदेडला डोळ्यांच्या डॉक्टरकडं जाऊन आले. दुसऱ्या दिवशी वर्गात आले तेव्हा कागदांचा आवाज आला नाही. खिसा सपाट होता. खुर्चीवर बसून त्यांनी आम्हाला सरळ सांगून टाकलं, जसं मोठ्या माणसांना सांगतात.

"मला शुगर झालीय. बरीच वर्षं असावी, मी तपासलीच नाही. डोळ्याच्या मागं पडदा असतो, तो तिनं खराब व्हायला लागलाय. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर येणार नाही. गोड आवरलं तर राहिलेली टिकंल. नाही आवरलं तर ही वही काय अन् फळा काय, सारखंच."

सर पुढं म्हणाले, "तर मला गोड कमी करायचंय. अन् एकट्याला जमत नाही. घरात काकू डबे लपवून राहिल्या, अन् मी हुडकून राहिलो."

आम्हाला हसावं की नको कळेना. बालाजी उठला. "सर, मग खाऊच नका की तुमी. काय अवघड हाय?"

"तू पुडा सोडतोस का उद्यापासून?"

बालाजी उभ्या उभ्याच केशरी बोटं शर्टाला पुसायला लागला.

"बघ. दुसऱ्याला सांगायला मलाबी लई सोपं जातंय."

आणि मग सरांनी तो सौदा मांडला. आम्ही पुडा कमी करायचा, ते गोड कमी करतील. अजिबात बंद नाही, कमी. "अजिबात सोडलं म्हणणारं माणूस दारामागं उभं राहून खातंय," असं त्यांचं म्हणणं. शनिवारी शाळा सकाळची. त्या दिवशी आम्हाला एक पुडा आणि सरांना एक गोळी. बाकीच्या दिवशी आम्ही सरांना कुठंही काही गोड खाताना पाहिलं तर नुसतं "सर!" म्हणून हाक मारायची. त्यांनी आम्हाला पाहिलं तर ते "पुडा!" म्हणून ओरडतील. ज्यानं हाक ऐकली त्यानं हातातलं खाली ठेवायचं. वाद घालायचा नाही.

त्यानंतर उमरीत सरांना लपायला जागा उरली नाही. हॉटेलात बसले की रस्त्यावरून "सर!" सत्यनारायणाच्या प्रसादाला गेले की खांबामागून "सर!" एकदा तपासणीला नांदेडला गेले. इथं कोण ओळखतंय म्हणून स्टेशनबाहेर गुलाबजाम मागवले. चमचा तोंडाशी नेला, तर पलीकडच्या टेबलावरून बारीक आवाजात "सर!" आमच्याच शाळेतली पाचवीतली मुलगी आईसोबत आली होती. सरांनी चमचा खाली ठेवला आणि वेटरला म्हणाले, "उचल बाबा. माझी डॉक्टरीणबाई आलीय." हे त्यांनी स्वतःच आम्हाला सांगितलं आणि पोट धरून हसले. मग म्हणाले, "लई अवघड हाय रे पोरांनो. वास आला तरी जीव तिकडं धावतो."

सरांच्या खिशात आता फुटाणे असायचे. बरोबर उत्तराला मूठभर फुटाणे. आम्हाला ते फार आवडले असं मी म्हणणार नाही. बालाजी तर म्हणायचा, "सर, ह्याच्यासाठी कोण बरोबर उत्तर काढंल?" पण भाकरीचे डबे हळूहळू रिकामे होऊन घरी जाऊ लागले. सर मधल्या सुट्टीत आमच्यात येऊन बसायचे, कुणाच्या कारळाच्या चटणीला, कुणाच्या ठेच्याला नावाजायचे. ज्याच्या चटणीला सरांनी नावाजलं, तो दुसऱ्या दिवशी ती जास्त आणायचा. फाटकासमोरच्या दुकानदाराकडंही ते स्वतः गेले. "तुझ्या पोटावर पाय द्यायचा नाही मला. भाजलेल्या शेंगा ठेवून बघ, मी पहिला गिऱ्हाईक," म्हणाले. त्यानं ठेवल्या. पुड्यांच्या माळा होत्या तशाच राहिल्या, पण शेंगांचं टोपलंही राहिलं.

त्या उन्हाळ्यात बालाजीच्या मोठ्या बहिणीचं लग्न झालं. बालाजीचे वडील व्यंकटराव म्हणजे भागातले मोठे शेतकरी, विहिरीचे, बागायतीचे. पंगत मंडपाबाहेर चिंचेच्या सावलीत बसली होती. बुंदीची बादली खुद्द बालाजीच्या हातात. तो वाढत वाढत आला आणि सरांची पत्रावळ ओलांडून पुढं गेला.

व्यंकटरावांनी ते पाहिलं. "बाल्या! सरांना कामून न्हाई वाढलं रं?"

"सरांना चालत न्हाई बापू."

"लगीन हाय लेकीचं! मास्तरला बुंदी न वाढता उठवतूस? चार गावांत इज्जत घालवतूस व्हय माझी?"

त्यांनी बादलीत हात घातला आणि मूठभर बुंदी घेऊन सरांच्या पत्रावळीपाशी वाकले. आमच्याकडं आग्रह असा असतो. मूठ पुढं आली की ती रिकामी परत जात नाही. पंगतीतल्या सगळ्यांचं जेवण थांबलं. आम्ही मुलं एका कडेला बसलो होतो. "सर!" म्हणून हाक मारायची कुणाची छाती झाली नाही, कारण समोर व्यंकटराव होते.

सरांनी वर पाहिलं. मग त्या मुठीतून बुंदीचा एक दाणा दोन बोटांत उचलला, जिभेवर ठेवला, डोळे मिटले आणि अगदी सावकाश, पूर्ण पेढा खावा तसा तो खाल्ला. "झालं व्यंकटराव. लेक सुखात राहो. लई बेस झालीय बुंदी."

"एका दाण्यानं काय व्हतंय?"

"पहिल्या दाण्याची चव जिभेला लागते. बाकी सगळे सवयीनं जातेत. आता ती वांग्याची भाजी वाढा की, तिची का कंजुषी?"

बालाजी तेवढ्यात मोठ्यानं म्हणाला, "सर, एक दाणा चालतोय!" आणि पंगत हसली. व्यंकटरावांनी मूठ बालाजीच्याच तोंडात कोंबली आणि सरांना भाजी एवढी वाढली की ती संपवताना सरांना घाम फुटला.

त्या एका दाण्यानं सरांना देणाऱ्याचा मान राखायची वाट सापडली असावी. कारण दहावीच्या वर्षात त्यांनी आम्हाला आधीच बजावून ठेवलं, "निकालाला माझ्याकडं पेढे आणायचे नाहीत. समोर आला की मला आवरणार नाही. तुमच्या शेतातलं काहीतरी आणा. ओंजळभर शेंगा, चार कांदे, एखादं लिंबू. ते मी आनंदानं घेईन." सगळ्यांना ते पटलं. मी घरी येऊन बाबांना तसंच सांगितलं.

आम्हाला शेत नव्हतं. माझे बाबा विहिरी खणायचे, दुसऱ्यांच्या शेतात. आई निंदणी-खुरपणीला जायची, तीही दुसऱ्यांच्याच शेतात.

निकाल लागला, मी पास झाले. चांगल्या मार्कांनी झाले. आमच्या घरात कुणाच्याही नावापुढं 'दहावी पास' असं लागायची ती पहिलीच वेळ. बाबांनी धुतलेला सदरा घातला, आणि आम्ही सरांच्या घरी गेलो. ओसरीवर नुसता बाजार भरला होता. गावरान आंबे, शेवग्याच्या शेंगा, हळकुंडं, आणि व्यंकटरावांनी आणलेले पोतंभर कांदे. व्यंकटराव खुर्चीवर बसलेले, बालाजी उड्या मारतोय. बाबा दारातच थांबले. त्यांच्या हातात पेढ्यांचा पुडा होता.

बालाजी ओरडलाच, "पेढे? अगं संगीता, सरांनी सांगितलं होतं ना!"

बाबांनी पुडा जरा मागं घेतला. "पोरीनं सांगितलं व्हतं, सर. तुमाला चालत न्हाई, ठाव हाय. पर आमाला शेत न्हाई. मोकळ्या हातानं कसं यावं, म्हनून..."

सरांचा चेहरा मी विसरलेले नाही. खिडकीपाशी वही घेऊन उभे राहिले होते, त्या दिवशी तो आम्हाला दिसला नव्हता. तो असाच असणार. ते उठून दारापर्यंत आले. "चूक तुमची नाही, माझी झाली. मी सगळ्यांना शेत दिलं अन् मोकळा झालो. आत या आधी."

त्यांनी पुडा घेतला. एक पेढा उचलला. आतून काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. आम्हा सगळ्यांच्या तोंडाशी हाक आली होती, पण आज ती मारायची कशी? त्या माणसासमोर खाल्लेला पेढा म्हणजे काय, हे सरांनीच आम्हाला शिकवलं होतं. सरांनी पेढ्याचे दोन तुकडे केले. एक माझ्या तोंडात घातला, दुसरा बाबांच्या. "आज गोड तोंड तुमचं व्हायचंय," म्हणाले. मग बाबांना हाताला धरून आपल्याजवळ बसवलं.

"काय काम करता तुम्ही?"

"हिरी खणतो, सर."

"कुणाकुणाच्या खणल्या?"

बाबांनी मान खाली घालून नावं सांगितली. त्यात व्यंकटरावांचंही होतं.

सरांनी कांद्याच्या पोत्याकडं बोट केलं. "व्यंकटराव, हे कांदे कुठल्या पाण्यावरचे?"

व्यंकटराव खुर्चीवर सरसावून बसले. म्हणाले, "ह्याच्याच हिरीवरचे. उन्हाळ्यात समद्यांच्या आटल्या, माझी न्हाई आटली. खोटं कामून बोलू?"

"मग हे अर्धे कांदे यांनी आणले असं समजा," सर म्हणाले. आणि बाबांना म्हणाले, "पण मला तेवढ्यावर भागवायचं नाही. त्या विहिरीचं पाणी मला आणून द्या. तुमची लेक पास झाली, तुमच्या हातचं काहीतरी माझ्या पोटात गेलं पाहिजे."

बाबांना ते खरं वाटलं नाही. ते व्यंकटरावांकडं बघायला लागले. व्यंकटराव म्हणाले, "आणून दे की. माझी काय परवानगी इचारतूस? हीर तूच खणलीस."

दुसऱ्या दिवशी बाबा घासून लख्ख केलेल्या चरवीत पाणी घेऊन गेले, वर ओलं फडकं बांधून. सर ओसरीवर बसून तांब्याभर प्याले, आणि पेढा खाल्ल्यावर म्हणायचे तसंच म्हणाले, "एकच घेतो अजून." बाबा घरी येऊन आईला ती गोष्ट सांगत बसले. पुढं कितीतरी दिवस सांगत होते. पुढच्या वर्षापासून सरांनी वर्गात शेताचं नाव घेणं सोडलं. "तुमच्या घरच्यांच्या हातचं काहीही," असं म्हणू लागले. मग कुणाच्या आईनं शिवलेली पिशवी यायची, कुणाच्या वडिलांनी वळलेली दोरी.

मी बारावी झाले, नांदेडला बी.एस्सी. केलं, लॅबचा कोर्स केला. प्रत्येक निकालाला त्या विहिरीचं पाणी बाटलीत भरून सरांकडं नेलं. सर मध्येच घसरायचे. एका दिवाळीत शंकरपाळ्यांनी घात केला म्हणाले, तेव्हा डाव्या डोळ्याची नजर बरीच अंधुक झाली. पण लपवायचे नाहीत. पुन्हा सावरायचे. निवृत्तीनंतर ते नांदेडजवळ विष्णुपुरीला मुलीकडं राहायला गेले.

मला लातूरला नोकरी लागली, तेव्हा रुजू व्हायला जाताना मी वाटेत विष्णुपुरीला उतरले. सर वाळले होते. चष्मा जाड झाला होता. शर्टाच्या खिशावर फुटाण्यांची फुगी मात्र तशीच. मी बाटली दिली. त्यांनी ती खिडकीच्या उजेडात धरून पाहिली आणि विचारलं, "बाबा अजून खणतेत का?" "आता मशीननं खणतेत सर, बाबा वरून बघायला असतेत," मी म्हटलं. सर म्हणाले, "असू दे. पाणी कुठं लागंल ते मशीनला कोण सांगतंय?" काकूंनी मला नोकरी लागली म्हणून पेढे आणून ठेवले होते. सरांनी एका पेढ्याकडं पाहिलं आणि मग माझ्याकडं.

"सर!" मी म्हटलं.

"अगं माय, नुसतं बघून राहिलो!" ते म्हणाले, आणि काकूंना हसताना खोकला लागला.

संध्याकाळी ते मला बसच्या थांब्यावर सोडायला आले, बाटली हातात घेऊनच. रोज संध्याकाळी ते तिथं येऊन उभे राहतात असं काकूंनी सांगितलं होतं. का ते मला तिथं गेल्यावर कळलं. नांदेडकडून गाडी येताना दिसली की सर डावा डोळा हातानं झाकायचे आणि पाटी वाचायचे. गाडी जवळ यायच्या आत वाचता आली पाहिजे, असा त्यांचा नियम.

"लोहा," ते म्हणाले. गाडी जवळ आली, लोहाच होती. "ही तुझी नाही. मागची बघू... कंधार." तीही बरोबर. मग रस्त्यावर दूर एक लाल ठिपका दिसला. मी डोळे बारीक करून बघत होते, मला अजून काही वाचता येत नव्हतं. सर पुढं झुकले. थोडं थांबले. आणि वर्गात ओरडायचे तसं ओरडले, "लातूर! हात कर, हात कर, पळ!"

ते आमचं शेवटचं भेटणं ठरलं. पुढच्या हिवाळ्यात काकूंचा फोन आला. म्हणाल्या, सकाळी पेपर वाचला, दुपारी जरा पडतो म्हणाले, ते उठलेच नाहीत. थोडं रडून झाल्यावर म्हणाल्या, "शेवटपर्यंत पेपर स्वतः वाचला गं त्यांनी."

त्या संध्याकाळी माझी गाडी सुटली तेव्हा मी खिडकीतून हात हलवत होते. पण सरांचं माझ्याकडं लक्ष नव्हतं. नांदेडच्या बाजूनं पुढची गाडी येत होती. पाण्याची बाटली काखेत धरून, डावा डोळा झाकून ते तिकडं बघत होते, आणि त्यांचे ओठ हलत होते.